पहिला पैसा कोणाचा?

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा औषधांच्या धंद्यात सरकारने कुठे उभे राहायचे याबद्दल फारसा गोंधळ नव्हता. सरकार मालक होते. जमीन सरकारची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने आलेली यंत्रसामग्री सरकारची, पेनिसिलिन सरकारचे आणि ते तयार करणारे शास्त्रज्ञ सरकारी पगारावरचे. त्याच आवारातल्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे हॅमायसिन हे प्रतिजैविक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. शोध लावणारा आणि माल बाटलीत भरणारा सकाळी एकाच फाटकातून आत शिरत, आणि मधल्या प्रवासाचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न त्या फाटकाच्या आत आपोआप सुटत असे.

तिथून फार तर पंधरा किलोमीटरवर, पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनसीएलच्या आवारात, २००७पासून व्हेंचर सेंटर नावाची संस्था, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणारा इन्क्युबेटर, चालते. तिथे भाड्याच्या टेबलावर बसलेल्या, नुकत्याच पीएच.डी. झालेल्या मुलामुलींना केंद्र सरकारकडून जास्तीत जास्त ५० लाख रुपये आणि १८ महिने मिळू शकतात. कंपनी त्यांची, पेटंट त्यांचे, अपयशही त्यांचेच. सरकार त्यात भागीदारी मागत नाही आणि पैसे परतही मागत नाही. पिंपरीच्या फाटकापासून पाषाणच्या टेबलापर्यंत सरकारने आपली जागा इतकी बदलली, आणि तरी या बदलाबद्दल मराठीत सलग लिहिलेले फारसे सापडत नाही. योजनांची माहितीपत्रके मिळतात, सत्काराच्या बातम्या मिळतात. अर्ज करणाऱ्या संशोधकाला हवे असते ते दोन्हींच्या मधले काहीतरी. या पुस्तकाचे प्रयोजन तेवढेच आहे. योजनांची कलमे आणि अर्जाचे नमुने पुढच्या प्रकरणांत आहेतच; हा पैसा मुळात का द्यावा लागतो, तो कोणाच्या हाती पडतो आणि कुठे कमी पडतो, हे मी इथे मांडतो.

आधी एक साधी गोष्ट. प्रयोगशाळेत एखादी वस्तू ‘चालते’ म्हणजे नेमके काय होते? समजा, एका विद्यार्थिनीने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ओळखणारी कागदी पट्टी बनवली. शुद्ध पाण्यात मोजून सोडलेले जंतू त्या पट्टीने पकडले, रंग उमटला, शोधनिबंध छापून आला, पदवी मिळाली. आता हीच पट्टी अकोल्याच्या एखाद्या दवाखान्यात मे महिन्यात ४४ अंशांत महिनाभर कपाटात ठेवा. रुग्णाने आधीच दोन दिवस कुठलेतरी अँटिबायोटिक घेतलेले आहे. नमुना तीन तास बाहेर राहिला आहे. रंग फिकट आहे की नाही हे ठरवणारी परिचारिका सकाळपासून साठ रुग्ण बघून थकलेली आहे. आणि पट्टी आता हाताने कापलेल्या तीस तुकड्यांपैकी नाही, यंत्रातून निघालेल्या दहा हजारांपैकी एक आहे. यातल्या प्रत्येक वाक्याला वेगळा प्रयोग लागतो, प्रत्येक प्रयोगाला पैसा लागतो आणि त्यातल्या बहुतेकांवर शोधनिबंध होत नाही. ‘पट्टी चाळिसाव्या दिवशी खराब होते’ हा निष्कर्ष कुठलेही नामवंत नियतकालिक छापणार नाही. मात्र कंपनीचे मरण-जगणे त्याच वाक्यावर ठरते.

या कामाला साहजिकपणे पैसा देईल असे कोणीच नाही. संशोधन प्रकल्पाचा निधी ज्ञानासाठी असतो. पट्टीचे आयुष्य मोजणे हे त्याच्या लेखी नवे ज्ञान नाही. बँक तारण मागते. गुंतवणूकदार विचारतो की किती दवाखान्यांत वापरून पाहिले, आणि तिथेच तर अजून पोचायचे असते. पहिल्या वर्षाच्या आंब्याच्या कलमावर कोणी पीककर्ज देत नाही, तशातला हा प्रकार. जैवविज्ञानात ही अडचण सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी पटीने मोठी असते, कारण इथे चूक सुधारण्याचा वेग पेशींच्या वाढण्याच्या वेगाने ठरतो. रात्रभर जागून प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो. उंदराच्या सहा महिन्यांच्या विषारीपणाच्या चाचणीला सहा महिनेच लागतात.

सरकारी पैसा नव्हता तेव्हा काय होत असे, याचे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सइतके बोलके उदाहरण नाही. १९९३ साली वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने हेपटायटिस-बीची लस भारतात बनवायचे मनावर घेतले. संशोधन उस्मानिया विद्यापीठात आणि मग सीसीएमबी या सरकारी प्रयोगशाळेच्या आवारात झाले, म्हणजे ज्ञानाची सोय होती. भांडवलासाठी मात्र ओमानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलावी पुढे आले. १९९७मध्ये लस बाजारात आली आणि आयात लसीच्या किमती घसरल्या. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीही. पण एखाद्या देशाच्या लसधोरणाचा पाया परदेशी मंत्र्याशी जुळलेल्या ओळखीवर उभा राहू नये, हेही तिच्यातूनच कळते. बंगळूरला २०००मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या चार प्राध्यापकांनी स्ट्रँड जेनॉमिक्स काढली, तेव्हा प्राध्यापकाने कंपनी काढायची ही कल्पनाच इतकी नवीन होती की नियम आधी की कंपनी आधी, असा पेच होता.

हा पेच सोडवणारी कल्पना अमेरिकेतून आली, आणि ती विद्यापीठांना नकोशी होती हे फार थोड्यांना ठाऊक असते. नॅशनल सायन्स फाउंडेशनमधले एक अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी १९७७मध्ये छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी अनुदान देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांच्या रचनेतली खुबी टप्प्यांत होती. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे, फक्त कल्पनेत दम आहे का ते तपासायला. त्यातून तरलेल्यांना दुसऱ्या टप्प्यात भरघोस पैसे. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे बाजारात जाताना, या योजनेतली दमडीही नाही. १९८२मध्ये याचा कायदा झाला आणि मोठ्या संशोधन खात्यांना आपल्या अंदाजपत्रकातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढणे बंधनकारक झाले. हा वाटा आज ३.२ टक्के आहे. त्या वेळी मोठ्या संशोधन विद्यापीठांनी या कायद्याला विरोध केला होता. आपल्या ताटातले काढून कंपन्यांना वाढले जाणार, ही भीती. दहा वर्षांनी, १९९२मध्ये, विद्यापीठांना सामावून घेणारी जोडयोजना आली. तिच्यात किमान ४० टक्के काम कंपनीने आणि किमान ३० टक्के काम संशोधन संस्थेने करावे लागते. मूळ योजनेत प्रकल्पप्रमुखाची मुख्य नोकरी कंपनीत असावी लागते. जोडयोजनेत तो विद्यापीठात राहूनही प्रमुख होऊ शकतो. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या फरकात एक मोठा प्रश्न दडलेला आहे: कंपनी चालवणार कोण? त्याकडे पुढे येतोच.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५मध्ये एसबीआयआरआय ही योजना आणली. अमेरिकेतल्या त्या योजनेचे नाव एसबीआयआर, त्यामुळे हिचे नाव बघताच तिचे आजोळ कळते. त्या काळी विभागाचे सचिव होते महाराज किशन भान. बालरोगतज्ज्ञ असलेल्या भान यांनी ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या रोटाव्हायरसच्या एका वाणाचा अभ्यास केला होता. त्या वाणापासून भारत बायोटेकने बनवलेली रोटाव्हॅक २०१५मध्ये देशात वापरात आली. मधे जवळपास तीस वर्षे गेली. शोध आणि लस यांच्यामधली दरी ज्याने स्वतः एवढी वर्षे चालून पाहिली, त्या माणसाच्या कारकिर्दीत अशा योजना जन्माला आल्या हा मला योगायोग वाटत नाही. २०१२मध्ये, त्यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस, बायरॅक ही स्वतंत्र ना-नफा सरकारी कंपनी स्थापन झाली. पूर्ण नाव बायोटेक्नॉलॉजी इंडस्ट्री रिसर्च असिस्टन्स कौन्सिल. ते उच्चारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मंत्रालयातल्या टेबलाऐवजी कंपनीच्या रूपात ही रचना केल्याने निर्णय थोडे हलके आणि थोडे जलद झाले. ‘थोडे’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

बायरॅकची सर्वांत गाजलेली योजना म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, सगळ्यांच्या बोलण्यात ‘बिग’. बिग मिळाले का, बिगच्या मुलाखतीला गेलो होतो, बिगचा दुसरा हप्ता अडकलाय, अशी वाक्ये पाषाणच्या कँटीनमध्ये सर्रास ऐकू येतात. योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पैसे थेट दिल्लीहून वाटले जात नाहीत. ठिकठिकाणच्या भागीदार संस्था अर्ज छाननीपासून देखरेखीपर्यंत सोबत असतात: बंगळूरचे सी-कॅम्प, हैदराबादचे आयकेपी, भुवनेश्वरचे केआयआयटी, दिल्ली आयआयटीचे एफआयटीटी, पुण्याचे व्हेंचर सेंटर आणि नंतर आलेल्या आणखी काही. या संस्थांतले लोक अर्जदाराला ओळखतात, त्याच्या यंत्राशी उभे राहून बोलतात. प्रकल्प रखडला तर तो का रखडला हे त्यांना हप्त्याच्या फाइलीआधी कळते.

रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते आणि प्रत्येक टप्प्याला आधी ठरवलेले उद्दिष्ट असते. ‘माइलस्टोन’ लिहिणे ही एक कला आहे आणि ती आपल्या विद्यापीठांत कोणी शिकवत नाही. शोधनिबंधाची सवय झालेला हात लिहितो, ‘अमुक यंत्रणेचा सखोल अभ्यास करणे’. हे उद्दिष्ट कधीच पूर्ण होत नाही आणि कधीच अपुरेही राहत नाही, म्हणून ते कुचकामी. त्याऐवजी ‘४० अंशांत ९० दिवस ठेवलेल्या पट्ट्यांपैकी किमान ९५ टक्के पट्ट्या योग्य उत्तर देतील’ असे लिहिले की हो किंवा नाही एवढेच शिल्लक राहते. माझ्या मते ५० लाखांच्या अनुदानातला सर्वांत मोलाचा भाग ही सक्ती आहे. संशोधक पहिल्यांदाच असे वाक्य लिहितो ज्यात त्याची कल्पना खोटी ठरू शकते आणि ती कोणत्या तारखेला खोटी ठरेल हेही ठरलेले असते.

या पैशात काय येते? दोन-तीन संशोधकांचे दीड वर्षाचे पगार, रसायने आणि किट्स, प्रयोगशाळेचे भाडे, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यायच्या काही चाचण्या, पेटंटचा अर्ज. मोठ्या प्राण्यांवरची चाचणी येत नाही, रुग्णांवरची चाचणी येत नाही, कारखाना तर स्वप्नातही नाही. म्हणजे हा पैसा पहिल्या प्रश्नापुरता आहे, आणि पहिला प्रश्न चुकीचा विचारला तर दीड वर्षाने हाती एक सुबक अहवाल आणि रिकामे खाते उरते. असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यातले काही वाईट नव्हते. उलट ज्यांनी स्वच्छपणे ‘जमले नाही, कारण हे’ असे लिहिले, त्यांनी सरकारचे पैसे सत्कारणी लावले असे मी म्हणेन. आपल्याकडे मात्र अपयशी प्रकल्पाची फाइल बंद होते आणि दुसऱ्या शहरातला दुसरा गट तीच भिंत पुन्हा डोक्याने तपासतो. अशा नकारांची नोंद बायरॅकने नावे झाकून का होईना, पण सर्वांना खुली करावी. आणखी दहा इन्क्युबेटर उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

पहिल्या प्रश्नानंतरचे पैसे कुठून आले आणि कुठल्या क्रमाने आले, हे समजून घ्यायला मुंबईची इम्युनोअ‍ॅक्ट पाहावी. राहुल पुरवार २०१३मध्ये हार्वर्डहून आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात आले. त्यांचा विषय कार-टी पेशी: रुग्णाच्या रक्तातून टी पेशी बाजूला काढायच्या, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि परत रुग्णाला द्यायच्या. मग त्या कर्करोगाच्या विशिष्ट पेशी ओळखून मारतात. अमेरिकेत असा पहिला उपचार ऑगस्ट २०१७मध्ये मान्य झाला आणि त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. भारतात कोणी विकत घ्यायचा? पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना बरोबर घेतले. सुरुवातीच्या कामाचा काही भाग बायरॅकच्या ‘पेस’ योजनेतून झाला. ही योजना खास विद्यापीठातल्या संशोधनाला उद्योगाच्या उंबऱ्यापर्यंत आणण्यासाठी आहे. २०१८मध्ये कंपनी निघाली. मग राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले. या मिशनचा निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आलेला आहे. ४ जून २०२१ला टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या.

खासगी पैसा कधी आला ते आता पाहा. त्याच २०२१ सालाच्या उत्तरार्धात हैदराबादच्या लॉरस लॅब्जने ४६ कोटी रुपये गुंतवून कंपनीचा एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी उपचाराला मान्यता दिली आणि एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परदेशातल्या उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्शात तो उपलब्ध झाला. दहावा हिस्सा म्हणजेसुद्धा अनेक लाख रुपये, आणि ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहेत. ‘स्वस्त’ हा शब्द बातम्यांत वाचताना एवढे भान ठेवावे. चाचण्यांचे निकाल २०२५मध्ये लॅन्सेट हेमॅटोलॉजीत आले. त्यात सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी विद्यापीठाचा पगार, मग छोटे अनुदान, मग मोठे अनुदान, पहिला रुग्ण, आणि त्यानंतर काही महिन्यांतच खासगी कंपनीचा धनादेश. धोका कमी झाल्याचे पहिल्या रुग्णाने सिद्ध केले आणि त्या सिद्धतेचे बिल करदात्याने भरले. मग औषधाच्या किमतीवर करदात्याचा काही हक्क पोचतो का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. अनुदानाच्या करारांत त्याचे उत्तर फार मोघम असते.

अनुदानाने खरेच काही फरक पडतो का, की जे तसेही यशस्वी झाले असते त्यांनाच पैसे मिळतात? या शंकेचे सर्वांत नेमके उत्तर अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ सब्रिना हॉवेल यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. तो ऊर्जा खात्याच्या अनुदानांवर आहे, जैवविज्ञानावर नाही, तरी त्याची रीत सुंदर आहे. थोडक्यात अनुदान मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या कंपन्यांची तुलना केल्यावर दिसले की पहिल्या टप्प्याच्या छोट्या अनुदानाने पुढे व्हेंचर भांडवल मिळण्याची शक्यता साधारण दुप्पट झाली, १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर. दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी मोठ्या रकमेचा असा परिणाम दिसला नाही. कारणही पटण्यासारखे आहे: छोट्या रकमेने नमुना तयार झाला, नमुन्याने शंका मिटल्या. टिबेट्सच्या पहिल्या टप्प्यामागचा तर्क चाळीस वर्षांनी आकड्यांत उतरला. मात्र अशा योजनांवर वर्षानुवर्षे जगणाऱ्या, बाजाराचे तोंडही न पाहणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत आणि आपल्याकडेही त्या तयार होऊ लागल्या आहेत. एक अनुदान संपले की दुसऱ्याचा अर्ज, आणि भिंतीवर पुरस्कारांच्या तसबिरी. अर्ज लिहिण्यातच माणूस तरबेज होतो.

आता कंपनी चालवणार कोण, हा लांबवलेला प्रश्न. आपल्याकडे प्राध्यापकाने कंपनीत हिस्सा घ्यावा की नाही हेच बराच काळ धूसर होते. २००९मध्ये सरकारने शास्त्रज्ञांना नोकरीत राहून कंपनी काढण्याची आणि संस्थांना ज्ञानाच्या बदल्यात समभाग घेण्याची वाट मोकळी केली. २०१९च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणाने शिक्षणसंस्थांसाठी चौकट आखली: संस्थेने दिलेल्या जागा-सुविधांच्या, प्राध्यापकाच्या वेळेच्या आणि पेटंटच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा, प्राध्यापकाला एका सत्राची किंवा वर्षाची रजा. कागदावर सगळे सुरळीत आहे. तरी प्राध्यापकाने मुख्य कार्यकारी अधिकारी होऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्याने वैज्ञानिक सल्लागार असावे, समभाग ठेवावेत, आठवड्यातून एक दिवस द्यावा. कंपनी चालवावी त्याच्या विद्यार्थ्याने, जो त्या रेणूसोबत पाच वर्षे झोपला-उठला आहे आणि ज्याला दुसरी नोकरी नाही.

अडचण त्या विद्यार्थ्याच्या घरी आहे. तिशीला टेकलेली मुलगी पीएच.डी. होऊन घरी येते आणि सांगते की आता कंपनी काढायची आहे, पगार अनुदानातून, तोही दीड वर्षापुरता. आई विचारते, म्हणजे नोकरी नाही? बाबा विचारतात, पण सरकारी आहे ना? काका लग्नाचा विषय काढतात. या संवादाला कुठल्याही योजनेत तरतूद नाही, आणि माझा अंदाज असा की जितक्या कंपन्या तंत्रज्ञानामुळे बुडाल्या त्याहून अधिक या दिवाणखान्यातच निघायच्या राहिल्या.

दुसरा गुंता हक्कांचा. शोध विद्यापीठात लागला तर पेटंट बहुधा विद्यापीठाचे. विद्यार्थ्याच्या कंपनीने ते परवान्यावर घ्यायचे. परवाना द्यायला विद्यापीठाकडे समिती असते आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात असते. अमेरिकेत १९८०च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा हक्क विद्यापीठांना दिला. त्याच धर्तीचे विधेयक आपल्याकडे २००८मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्यावर बरीच टीका झाली आणि ते शेवटी मागे घेतले गेले. त्यामुळे प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. त्यात शोध भारतातल्या एखाद्या वनस्पतीवर किंवा मातीतल्या सूक्ष्मजीवावर आधारलेला असेल, तर २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे पेटंटच्या वाटेवर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा थांबा लागतो. स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना आज सापडला असता तर तोही या थांब्यावर उभा राहिला असता. आणि सर्वांत साधी, सर्वांत जास्त वेळा होणारी चूक: पेटंटचा अर्ज करण्याआधी परिषदेत पोस्टर लावणे. छापून किंवा भिंतीवर टांगून जग जाहीर केलेली गोष्ट बहुतेक देशांत नवी उरत नाही. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर एनसीएलचे आणि मग तिच्या पालकसंस्थेचे, सीएसआयआरचे, प्रमुख असताना पेटंटबद्दल जी जाग आली ती राष्ट्रीय प्रयोगशाळांत पोचली. जिल्ह्याच्या महाविद्यालयापर्यंत ती अजून नीट उतरलेली नाही.

महाविद्यालयाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण या पुस्तकाचे बरेच वाचक तिथले असणार. बायरॅकने सुरुवातीला विद्यापीठांत नवोन्मेषाची पाच केंद्रे काढली: चेन्नईचे अण्णा विद्यापीठ, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, जयपूरचे राजस्थान विद्यापीठ, कोइमतूर आणि धारवाडची कृषी विद्यापीठे. त्यात महाराष्ट्रातले एकही नव्हते. आपल्याकडची यशोगाथा आयआयटी, एनसीएल, टाटा मेमोरियल अशा केंद्रीय संस्थांची आहे. राज्याने प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी २०१४मध्ये उभे केलेले वैद्यकीय उपकरणांचे बेटिक केंद्र राज्याच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या पैशावर सुरू झाले, आणि त्यातून डिजिटल स्टेथोस्कोपसारखी उपकरणे विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. पण राज्याच्या पैशाचे केंद्रही शेवटी आयआयटीच्या पवईतच राहिले. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत जैविक खते, कीडनियंत्रक बुरशी, उतीसंवर्धन यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले आहे. ते वाण आणि त्या कृती शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या, हे मोठेच काम. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांच्या कंपन्या मात्र क्वचित उभ्या राहिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास वर्गात शिकवायचे असते. शिवाय परीक्षा, नॅक, प्रवेश. त्याने माइलस्टोन कधी लिहायचा?

जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ती योजना मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी व्याजाने, दीर्घ मुदतीने पैसे उपलब्ध करून देणारी आहे आणि तंत्रज्ञान तयारीच्या मोजपट्टीवर चौथ्या किंवा त्यावरच्या पायरीवर पोचलेल्यांसाठी आहे. पहिल्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे आपल्या पट्टीवाल्या विद्यार्थिनीच्या जागी, अजूनही बिगसारखे परत न करायचे अनुदानच लागणार. कर्जाने प्रश्न विचारता येत नाहीत. उत्तर ‘नाही’ आले तर हप्ता कशातून फेडणार?

आणि त्या बिगची मर्यादा सुरुवातीपासून ५० लाखांवरच आहे. २०१२मध्ये डॉलर सरासरी ५३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम नव्वद हजार डॉलरहून अधिक होती. २०२५मध्ये डॉलर ८५च्या पुढे गेला आणि तीच रक्कम साठ हजारांच्या आत आली. एन्झाइम, अँटिबॉडी, पेशी वाढवण्याचे माध्यम, अनुक्रमणाची किट्स यांतले बहुतेक अजून आयात होते आणि त्यांचे बिल डॉलरच्या दराने फुगते. अर्जाच्या अंदाजपत्रकात हा तक्ता भरताना विद्यार्थी दुसऱ्या संशोधकाचा पगार वगळतात, कारण किटचा भाव त्यांना कमी करता येत नाही. मर्यादा किमान ८० लाखांपर्यंत न्यावी आणि हप्ता उद्दिष्ट पूर्ण झाल्यापासून ठरावीक दिवसांत सुटावा, या दोन मागण्या या क्षेत्रातल्या संघटनांनी एकत्रितपणे लावून धरायला हव्यात. अर्ज भरण्याआधी अंदाजपत्रकाचे प्रकरण वाचा. त्यातला आयात वस्तूंचा रकाना बहुतेक जण शेवटी भरतात, तो आधी भरायचा असतो.